'सान हुआन'चे 44 जण सात दिवस ठोकत नव्हते

2017 मध्ये बुडालेल्या अर्जेंटिनाच्या 'सान हुआन' पाणबुडीचा जुना फॉरवर्ड नागपूरच्या ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. म्हणे 44 जण समुद्रतळाशी सात दिवस जिवंत होते, आतून ठोकत होते, झाकण उघडून पोहत वर आले असते, पण सरकारनं मरू दिलं. आणि भारताकडे तर वाचवायची सोयच नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचा मुलगा नुकताच पाणबुडी शाखेत गेलाय. त्यांनाही कुणीतरी हे पाठवलंच. पाठवण्याआधी जरा तरी तपासायचं!

आधी झाकण. पाणबुडी सापडली 907 मीटर खोल. दर 10 मीटरला पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलोनं वाढतो, म्हणजे तिथे 91 किलो. झाकण 60 सेंटिमीटर व्यासाचं धरलं तरी त्यावर अडीचशे टनांहून जास्त भार. नागपूरच्या वाडीला उभे असतात तसे नऊ भरलेले दहाचाकी ट्रक त्या एका झाकणावर! सुटकेची खरी पद्धत वेगळी: छोट्या कोठडीत शिरायचं, पाणी भरून आतबाहेरचा दाब सारखा करायचा, मग झाकण उघडतं. खास सूट घालूनही हे सुमारे 180 मीटरपर्यंतच जमतं.

मुळात तळाशी पोचेपर्यंत आत कुणी जिवंतच नव्हतं. 15 नोव्हेंबर 2017 च्या सकाळी शेवटचा संदेश आला: हवेच्या मार्गानं समुद्राचं पाणी बॅटरीच्या टाकीत शिरलं, शॉर्टसर्किट झालं, आग धरू लागली, पुढच्या बॅटऱ्या बंद. शिशाच्या बॅटरीत खारं पाणी गेलं की विषारी क्लोरीन सुटतो. चार्जिंगमधून सुटणारा, पेट घेणारा हायड्रोजन असतोच. त्याच सकाळी 10:51 ला अणुचाचणीबंदी संघटनेच्या असेन्शन आणि क्रोझे बेटांजवळच्या पाण्याखालच्या मायक्रोफोननी एक आखूड, जोरदार आवाज टिपला. वर्षभरानं पाणबुडी सापडली ती त्याच भागात. तो आवाज कवच चिरडल्याचा, आणि कवच दाबाखाली चिरडतं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत. सात दिवस कुठून आणले, राजेहो?

कवच शाबूत असेल तर आतली हवा सुमारे सात दिवस पुरते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. ठोकण्याचे आवाज आणि पाणबुडीतून आल्यासारखे वाटलेले सॅटेलाइट कॉल तेव्हाच तपासून बाद झाले होते.

एक मात्र मान्य. पाणी शिरल्याचं आणि 10:51 च्या त्या आवाजाचं कुटुंबांना फार उशिरा कळलं. त्यांचा राग रास्त आहे. स्फोटानंतर मागच्या भागात 23 जण काही तास जगले होते ते 2000 साली रशियाच्या 'कुर्स्क' पाणबुडीवर, 108 मीटरवर. ती गोष्ट इथे चिकटवलीय.

आणि भारताकडे सोय आहे. 2018 पासून नौदलाकडे 650 मीटरपर्यंत उतरणारं बचावयान आहे. 'सान हुआन'ची चालवायची मर्यादाच सुमारे 300 मीटर होती. त्याहून फार खोल गेली तर कवचच टिकत नाही, त्यामुळे 650 हा आकडा तोकडा नाही. 2021 मध्ये इंडोनेशियाच्या 'नांग्गाला' पाणबुडीसाठी ते यान विशाखापट्टणमहून निघालंही होतं. ती पाणबुडी मात्र 838 मीटरवर, तीन तुकड्यांत सापडली.