सनमायका आधी, बिजागरी शेवटी: हा उलटा कारभार बंद करा

गणपतीच्या आठवडाभर आधी कोकणात बंद घरं उघडली जातात आणि घरोघरी एकच कटकट सुरू होते. वॉर्डरोबचं शटर, म्हणजे दार, खाली बसलंय, शेजारच्या शटरवर चढतंय, किचनमधलं कपाट करकरतंय, बिजागरीखाली तांबूस ओघळ आलाय. मग सगळे मिळून पावसाला शिव्या घालतात. पावसाचा दोष आहे, पण थोडा. बाकीचा दोष सनमायक्याचा रंग निवडायला महिना घालवून बिजागरीला दोन मिनिटंही न देणाऱ्यांचा आहे.

संताप येतो तो याचा, की बिजागरी शेवटी विकत आणायची वस्तू आहे असं मालक, मिस्त्री, दुकानदार सगळे धरूनच चालतात. बॉक्स, म्हणजे कपाटाचा सांगाडा, उभा राहिला, शटरं कापली, सनमायका चिकटला, आणि मग कोणीतरी गाडीला किक मारून बाजारात जातो आणि सांगतो, ‘ऑटो हिंजेस द्या वीस जोड्या’, म्हणजे स्प्रिंगच्या कपवाल्या बिजागऱ्या. कुठल्या क्रँकचे, म्हणजे बिजागरीच्या हाताला बाक किती, हे दुकानदार विचारत नाही आणि आणणाऱ्याला ठाऊक नसतं. अहो, क्रँक ठरल्याशिवाय शटरचं मापच काढता येत नाही!

शटर बाहेरून बसून साइड पॅनलची 18 मिमीची कड जवळजवळ पूर्ण झाकणार असेल तर 0 क्रँक. एकाच पार्टिशनवर दोन्ही बाजूंनी शटरं लटकणार असतील तर 8 क्रँक (काही कंपन्यांचा 9), कारण त्या 18 मिमीत प्रत्येक शटरने 8 मिमी घ्यायचे आणि मध्ये 2 मिमी फट सोडायची. शटर बॉक्सच्या आत, कडेला समतल बसणार असेल तर 15 किंवा 16 क्रँक. विषय एवढाच आहे. चार शटरांच्या साध्या वॉर्डरोबला टोकाच्या दोन शटरांना 0 आणि मधल्या दोघांना 8 लागतो, म्हणजे एकाच कपाटात दोन प्रकार. आणताना मात्र सगळे 0 येतात. मग मधली शटरं एकमेकांवर आदळतात, आणि मिस्त्री एकतर पार्टिशनला दुसरा प्लाय चिकटवून ते 36 मिमीचं करतो, नाहीतर बेस प्लेटखाली (बिजागरीचा बॉक्सला स्क्रूने बसणारा भाग) प्लायचा तुकडा सरकवतो. 16 मिमीचा स्क्रू, त्यातले 8 मिमी त्या तुकड्यातच गेले. उरलेल्यावर शटर किती दिवस लटकणार?

आता भोक. बिजागरीचा शटरात बसणारा वाटीसारखा कप 35 मिमीचा, खोली साधारण 12 मिमी, आणि शटरच्या कडेपासून कपाच्या कडेपर्यंत 4 ते 5 मिमी, म्हणजे भोकाचं केंद्र कडेपासून 21.5 ते 22.5 मिमीवर. ही मापं बिजागरीच्या पुड्यातल्या कागदावर छापलेली असतात आणि तो कागद पहिल्यांदा केरात जातो. कप जितका आत जाईल तितकं शटर पॅनलवर जास्त चढतं. एकाच शटरवर वरचं भोक 3 वर आणि खालचं 6 वर पाडलं तर ते शटर जन्मात सरळ बसत नाही, स्क्रू कितीही पिळा. 18 मिमीच्या शटरात भोकाखाली 6 मिमी प्लाय शिल्लक राहतो. पैसे वाचवायला 12 मिमीचं शटर केलंत तर ड्रिल पुढच्या सनमायक्यातून बाहेर येणार. बेस प्लेटची स्क्रूची ओळ बॉक्सच्या पुढच्या कडेपासून 37 मिमीवर घ्यायची. शटर आत बसणार असेल तर त्या 37 मध्ये शटरची जाडी मिळवायची. हे न मिळवल्यामुळे शटर दोन सेंटिमीटर बाहेर डोकावणारी कपाटं घरोघरी आहेत, आणि मालकाला सांगितलं जातं की ‘डिझाइनच तशी आहे’.

सगळ्यात जास्त चीड येते ती हातोडीची. स्क्रू तीन हिस्से हातोडीने ठोकायचा आणि शेवटचे दोन फेरे पेचकसाने द्यायचे! ठोकलेला स्क्रू प्लायचे थर फाडत आत जातो आणि त्याच्या आट्यांना धरायला काही उरत नाही. आधी 2.5 मिमीचं बारीक पायलट भोक पाडून स्क्रू फिरवत बसवायला एका शटरमागे पाच मिनिटं जास्त लागतात. तेवढीही द्यायची नाहीत, आणि वर्षाने शटर हातात आलं की ‘प्लायच हलका होता’ म्हणायचं. पार्टिकल बोर्डाबद्दल तर बोलायलाच नको. जांभ्याच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून पार्टिकल बोर्डाचं कपाट करणाऱ्याला कुठलीही बिजागरी वाचवू शकत नाही. इथे आयएस 710 चा मरीन प्लाय घ्या, निदान बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) तरी, आणि भिंतीपासून दोन इंच जागा सोडा.

बिजागऱ्यांची संख्या. सात फूट उंच, दीड फूट रुंद, 18 मिमी प्लायचं, दोन्ही बाजूंनी सनमायका लावलेलं शटर तेरा-चौदा किलो भरतं. त्याला तीन बिजागऱ्या लावतात! साधारण हिशेब असा: 900 मिमीपर्यंत दोन, 1600 पर्यंत तीन, 2000 पर्यंत चार, त्यावर 2400 पर्यंत पाच. म्हणजे सात फुटाला पाच. वरून आरसा चिकटवलात तर 5 मिमी काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो, म्हणजे त्या शटरवर जवळजवळ दुप्पट भार. आरसा लावायचा हे शटर लटकल्यावर ठरवायचं नसतं.

मग शटर उघडणार किती आणि कुठल्या बाजूला? साधी बिजागरी 105-110 अंश उघडते. आत ड्रॉवर किंवा जाळीचं पुलआउट असेल तर 110 ला शटर पूर्ण बाजूला होत नाही आणि ड्रॉवर त्याच्या कडेवर घासत बाहेर येतो. तिथे 165 ची बिजागरी घ्या, नाहीतर ड्रॉवरची रुंदी कमी करून बाजूला पॅकिंग द्या. कोपऱ्यातलं कपाट थेट भिंतीला भिडवलंत तर हँडल भिंतीवर आपटून शटर 90 लाही पोचत नाही. 50 मिमीची फिलर पट्टी सोडली असती तर भागलं असतं. पलंग आणि वॉर्डरोबमध्ये दोन फूट जागा असताना दोन फुटी शटर करणाऱ्यांनी माणूस उभा कुठे राहणार हे तरी सांगावं. शटरं दीड फुटी करा, किंवा सरकती करा. पण सरकत्यांचा खालचा ट्रॅक किनाऱ्यावरच्या घरात वाळू आणि मिठाने भरतो, तो दर आठवड्याला झाडायची तयारी ठेवा.

आणि आता किनाऱ्याची गोष्ट. मालवण, देवगड, गुहागर, हर्णै, कुठेही जा. मुंबई-पुण्यात दहा वर्षं टिकणारी निकेलचा मुलामा दिलेली साध्या लोखंडी पत्र्याची बिजागरी इथे खाऱ्या वाऱ्याला दोन-तीन पावसाळ्यांत गंजते. गंज आधी स्प्रिंगला आणि रिव्हेटना धरतो, जिथे मुलामा घासून निघालेला असतो. मग आवाज येतो, शटर अर्ध्यात अडकतं, एक दिवस बिजागरीचा हात मोडतो. इथे एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, 304 प्रतीचं पाहिजे, अगदी समुद्रासमोर 316 मिळाली तर उत्तमच. दुकानदार काय करतो? ‘एसएसच आहे’ म्हणून हलक्या 202 प्रतीची हातात ठेवतो आणि चुंबक लावून दाखवतो: बघा, चिकटत नाही! अरे, 202 सुद्धा चुंबकाला चिकटत नाही. ती चाचणी 202 आणि 304 मधला फरक सांगतच नाही, आणि 202 खाऱ्या हवेत डाग धरते. बिलावर 304 लिहून घ्या. कां-कू करत असेल तर दुकान बदला.

304 आणलीत तरी मिस्त्री तिला पुड्यातले पिवळे लोखंडी स्क्रू मारतो. स्टेनलेसला चिकटलेला छोटा लोखंडी स्क्रू ओलाव्यात एरवीपेक्षा लवकर खाल्ला जातो, डोकं तुटतं आणि बिजागरी नवीकोरी असून लोंबते. स्क्रूही 304 चेच. ‘काय एक होवचा नाय’ असं मिस्त्री म्हणाला तरी तेच.

फणसाच्या नाहीतर सागाच्या भरीव लाकडाची शटरं करणाऱ्यांनी ही कपवाली बिजागरी सरळ विसरावी, विशेषतः शटर 25 मिमीपेक्षा जाड असेल तर. तिथे पितळेची साधी बिजागरी अजूनही सगळ्यात भरवशाची, पितळेच्या स्क्रूंसकट. सागात पितळेचा स्क्रू थेट पिळला तर मान तुटते, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढायचा, मग पितळेच्या स्क्रूला मेण लावून बसवायचा. आणि फट! मे महिन्यात, लाकूड सुकलेलं असताना, कागद जाईल इतक्या फटीत शटर बसवून त्याचं कौतुक करून घेतात. तेच लाकूड जुलैत आडवं फुगतं आणि शटर उघडत नाही. मग रंधा मारतात, आणि दिवाळीनंतर तिथे बोटभर फट दिसते. फूट-सव्वाफूट रुंद भरीव फळीला मे महिन्यात किमान एक सूत (साधारण 3 मिमी) फट सोडाच.

शेवटी सिंकखालचं कपाट. तिथली बिजागरी सगळ्यात आधी जाते आणि दोष पाण्याला लावला जातो. आत बघा, संडास धुवायच्या ॲसिडची बाटली उभी असते, झाकण सैल. तिची वाफ बंद कपाटात 304 लाही सोडत नाही. ती बाटली आजच्या आज तिथून बाहेर काढा.