बसलीच आहेस तर...

मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले की आमच्या घरात सगळे दबक्या पावलांनी चालतात, टीव्हीचा आवाज कमी होतो, धाकट्याला "शू, आईचं काम चालूये" म्हणून दटावलं जातं. भले मी त्यावर सिरीयल का बघत असेना. पण तीच मी, त्याच सोफ्यावर, तशीच मान खाली घालून हातात विणायच्या सुया घेतल्या की अख्ख्या घराला शोध लागतो की ही रिकामी आहे. बसलीच आहेस तर जरा दार बघ. बसलीच आहेस तर ह्याचं बटण लाव, सुई आहेच ना हातात. (अरे ती सुई वेगळी, ही सुई वेगळी, ह्या सुईने बटण लावलं तर शर्टाला खिडकी पडेल.)

आता पेंडिंग काय काय आहे ते सांगते. पाठ आणि पुढा झालेला पण एकाच बाहीचा लेकीचा स्वेटर. एक मोजा, म्हणजे एकच, कारण पहिला संपला की इतका आनंद होतो की माणसाला पाय दोन असतात हे विसरायलाच होतं, आणि विणणाऱ्या प्रत्येकीच्या कपाटात असा एखादा विधुर मोजा असतोच. भाच्याचं टोपडं, ज्याचे टाके त्याच्या जन्माआधी घातले होते आणि आता तो हेल्मेट घालून सायकल चालवतो. लेसची शाल. आणि पलंगाखाली न कातलेल्या लोकरीची पिशवी, जी पाहुणे आले की हमखास कुणाच्या तरी उशाला जाते.

म्हणून ठरवलं की आधी हे सगळं संपवायचं, तोवर नवी लोकर घ्यायची नाही. मधे मोरपंखी लोकर घेतली ती ह्यात धरायची नाही, कारण ती एकाच वेळी रंगवलेल्या त्या लॉटमधली शेवटची होती आणि रंग तोच पण लॉट दुसरा असला की छटेत फरक पडू शकतो, तो नेमका छातीवर आडव्या पट्ट्यासारखा उठून दिसतो. ही काटकसरच झाली एका अर्थी.

तर शाल काढली. लेसचं कसं असतं, नक्षी ठरावीक टाक्यांनी परत येते, एक जाळीचा टाका वाढवायचा, दोन टाके एकत्र विणून एक कमी करायचा, आणि ह्यात एक जरी इकडचा तिकडे झाला की पुढची सगळी ओळ वाकडी. म्हणून मोजायचं. मी मोजतेय, एकशे बारा, एकशे तेरा, तेवढ्यात कुकरची शिट्टी, ती पण मलाच मोजायचीये, एकशे चौदा आणि दोन, एकशे पंधरा आणि दोन, मग लेक विचारते आई किती वाजले, मी म्हणते एकशे सोळा. ती शांतपणे "बरं" म्हणून निघून गेली. तेवढ्यात नवरा फोनवर कुणाला तरी मोठ्यांदा नंबर सांगायला लागला, नऊ आठ दोन, आणि संपलं. पहिल्यापासून. मोजणी चुकू नये म्हणून दर वीस टाक्यांवर सुईत खुणेच्या रिंगा अडकवायच्या असतात, त्या मी अडकवल्या पण होत्या, पण त्या आता लेकीच्या बाहुलीच्या कानात आहेत.

लेस उसवायची वेळ आली तर निदान ठरावीक ओळीपर्यंतच उसवावी म्हणून त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवतात. मी तो ओवत होते तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं असलं. आम्ही लक्ष देऊन विणायचो." आणि खोलीच्या त्या टोकाहून, चष्मा डोक्यावर असताना, "खाली एक टाका निसटलाय बघ." निसटला होता! पेपरमधलं अक्षर दिसत नाही म्हणतात त्या.

शाल ठेवून टकळी काढली. टकळीला दोन्ही हात आणि दोन्ही डोळे लागतात, एका हातात लोकर, दुसऱ्या हाताने तंतू ओढत जायचं, पीळ वरच्या लोकरीत चढू द्यायचा नाही, आणि टकळीकडे लक्ष ठेवायचं कारण तिचा जोर संपला की ती थांबते आणि उलटी फिरायला लागते, म्हणजे घातलेला पीळ आपला आपण उलगडतो, धागा तुटतो आणि टकळी धाडकन खाली. हा आवाज मात्र घरातल्या सगळ्यांना ऐकू येतो. मी हाका मारून मारून न येणारे सगळे धावत येतात, फरशीला काय झालं बघायला.

नवऱ्याचा प्रश्न ठरलेला, लोकर विकत मिळते तर कातायची कशाला. म्हटलं, तुझ्याच स्वेटरसाठी. मोठ्या माणसाच्या स्वेटरला हजार मीटरच्या वर दोरा सहज लागतो. दुपदरी करायचा तर आधी दोन हजार मीटर एकपदरी कातायचं, मग दोन पदर एकत्र करून उलट्या दिशेने पीळ द्यायचा, म्हणजे दोरा स्वतःभोवती गुंडाळत नाही, मग तो भिजवून, वाळवून विणायला घ्यायचा. त्याने हिशोब केला. कातणं दोन, पीळ एक, विणणं एक. "म्हणजे चार किलोमीटर? अगं, एवढी चालली असतीस तर..." पुढचं त्याने गिळलं.

१५८९ साली विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने मोजे विणायचं मशीन काढलं. दंतकथा अशी की त्याचं जिच्यावर मन होतं ती बाई सारखी विणतच बसायची, त्याच्याकडे लक्षच द्यायची नाही. शेजारी बसून गुंडा धरायचं सोडून हा मशीन बनवत बसला. पुरुषांना सरळ उपाय सुचत नाहीत.

तर चार किलोमीटरचा तो स्वेटर एकदाचा झाला. नवऱ्याने दोनदा घातला आणि मग मला मदत म्हणून गरम पाण्यात, टॉवेलांबरोबर, वॉशिंग मशीनला लावला. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतं, मग ते परत सुटत नाही. मशीनला चाळीस मिनिटं पुरली. बाहेर आला तो लेकीच्या मापाचा, पुठ्ठ्यासारखा उभा राहणारा. एक आहे, लेकीचा स्वेटरही यादीत होताच, त्यावर काट मारली. नवऱ्याचा परत खाली लिहिला.

त्यासाठी ती मोरपंखी काढलीये, शेवटी लॉट एकच असल्याचा फायदा झाला बघा. ही लोकर लडीत येते, गुंडा करायला समोर कुणीतरी दोन्ही हात ताठ धरून बसावं लागतं. आत्ता नवरा बसलाय. खिशात त्याचा फोन वाजतोय, दुसऱ्यांदा, आणि तो आधी खिशाकडे, मग माझ्याकडे बघतोय. म्हटलं अजून तीनशे मीटर आहे, हलू नकोस.