न्यूयॉर्कची घटनादुरुस्ती: आईवडिलांचा हक्क गेलेला नाही
न्यूयॉर्कमधल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘२०२४च्या घटनादुरुस्तीने मुलांच्या लिंगबदल शस्त्रक्रियेत आईवडिलांची संमती रद्द झाली.’ हे खरं नाही.

५ नोव्हेंबर २०२४ला मतदारांनी राज्यघटनेच्या पहिल्या प्रकरणातलं ११वं कलम बदललं. आधी त्यात वंश, वर्ण, पंथ, धर्म एवढ्याच कारणांवरून भेदभावाला मनाई होती. आता राष्ट्रीय मूळ, वय, अपंगत्व, गर्भधारणा, लैंगिक कल, लिंगओळख वगैरेही आहेत. कलम काढून वाचा. ‘पालक’ हा शब्दच नाही, शस्त्रक्रियाही नाही. शिवाय लिंगओळखीला साध्या कायद्याचं संरक्षण २०१९पासूनच आहे.

‘राष्ट्रीय मूळ’ आपल्यालाही लागू होतं, हे मात्र त्या मेसेजमध्ये कुणी लिहिलं नाही. तो पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.