खुलासा : पुण्यातल्या गर्भाशयाचा मेसेज

'पुण्यात ट्रान्सजेंडर बाईला गर्भाशय बसवलं, बाळ झालं' हा मेसेज आपल्या मालवणच्या ग्रुपवर मीच टाकला होता. तो चुकीचा आहे. जुन्या बातम्या काढून वाचल्या. २०१७ साली पुण्यात आईचं गर्भाशय लेकीला बसवलं, २०१८ मध्ये तिला मुलगी झाली. ती लेक जन्मानेच स्त्री. ट्रान्स स्त्रीला असं मूल झाल्याची जगात अजून नोंद नाही. डेन्मार्कची ट्रान्स स्त्री लिली एल्बे १९३१ मध्ये गर्भाशय बसवण्याच्या अशाच प्रयत्नानंतर जर्मनीत दगावली. पुढे शक्य होईलही. अशा उपचारात गर्भ शरीराबाहेर तयार करतात, प्रसूती सिझेरियननेच होते. अडतं ते रक्तवाहिन्या जोडण्यात, हार्मोन सांभाळण्यात.

काल जेट्टीवर बांगडे निवडताना एका ट्रान्स मैत्रिणीने हळूच विचारलं, "खरां काय गो?" मला मान वर करवेना. कृपया तो मेसेज डिलीट करा, पुढे पाठवू नका.