भाची ऑडिटरी आहे म्हणे!

पालकांच्या ग्रुपवर परत तो मेसेज आलाय. प्रत्येक मूल व्हिज्युअल (बघून शिकणारं), ऑडिटरी (ऐकून शिकणारं) नाहीतर कायनेस्थेटिक (हाताने करून शिकणारं) असतं, पाच मिनिटांच्या टेस्टमध्ये कळतं, शिक्षकांनी त्याच स्टाईलने शिकवलं की मार्क वाढतात, आणि हे म्हणे संशोधनाने सिद्ध झालंय.

आधी टेस्ट, कारण ती आमच्या घरात होऊन गेलीय. रत्नागिरीची भाची, सातवीतली, एका शिबिरात ऑडिटरी ठरली आणि बाईसाहेबांनी नकाशे काढायचंच सोडलं, "माझी ती स्टाईल नाय मामा." मोबाईलवर स्वतःचाच आवाज रेकॉर्ड करून ऐकायची, कुठली नदी कुठे समुद्राला मिळते ते, वाशिष्ठी दाभोळला, काजळी भाट्याला, मुचकुंदी पूर्णगडला, शास्त्री जयगडला, पाढ्यासारखं धाडधाड. कोरा नकाशा पुढे ठेवला तर जयगड भाट्याच्या खाली! रत्नागिरीत राहून!! टेस्ट फक्त काय आवडतं ते विचारते हो. मला फणस आवडतो, म्हणून पचतो असं नाही.

आता "सिद्ध झालंय". उलट आहे. 2008 साली पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी आधीचे अभ्यास तपासले. त्यांचं म्हणणं साधं होतं, दोन्ही प्रकारची मुलं दोन्ही पद्धतींनी शिकवून बघा, सगळ्यांना एकच परीक्षा द्या, आणि ऐकणारे ऐकून, बघणारे बघून पुढे गेले तरच दावा खरा. असे नीट केलेले अभ्यास मुळात मोजकेच सापडले आणि त्यातल्या काहींचे निकाल तर दाव्याच्या सरळ विरोधात.

बाईंनी तीन स्टाईलचे तीन धडे घ्यावेत हे तर राहूच दे, वाडीवरच्या शाळेत दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात.

चित्र, बोलणं, हाताने करणं सगळं वापरा, एवढं मात्र खरं, पण ते सगळ्यांसाठी, आणि कधी काय वापरायचं ते विषय ठरवतो. पखवाज कान आणि हात दोन्ही मागतो, वाजवणारा व्हिज्युअल असला तरी. खाडी कुठे आहे ते नकाशातच दिसणार.

आणि फरक कशाने पडतो? रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग बघा, उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्याने न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून रविवारी भाचीला पुस्तक मिटून नकाशा काढायला लावला. जयगड जागेवर आलं, पूर्णगड अजून समुद्रात आहे.