'तुमच्या वयात बदल पचत नाही' म्हणणाऱ्या वाचकास

लाडका ब्राउझर अपग्रेड केल्यावर माझी जी फजिती झाली, त्यावर मागचा लेख होता. त्याखाली 'नियमित वाचक' एवढीच सही करून कुणीतरी लिहिलंय:

"काका, अपडेटच्या आधी बुकमार्कचा बॅकअप घेतला नाही ही चूक तुमची. कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं असतं तर टॅबही परत आले असते. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल एवढी रडारड? शिवाय 'जुनी आवृत्ती टाका अन् अपडेट बंद करा' हा सल्ला धोकादायक आहे, सुरक्षेची भोकं बुजवायलाच अपडेट येतात. तुमच्या वयात बदल पचत नाही हे समजू शकतो. पण दुसर्या कोणावर खापर फोडू नका."

आधी मान्य करायचं ते करून टाकतो. कंट्रोल-शिफ्ट-टी. बरोबर आहे. लेखात मी 'सगळे टॅब कायमचे गेले' असं लिहिलं, ते चुकलं. ते इतिहासातून परत काढता येतात, आणि काढलेही, संध्याकाळी. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. आपला आभारी आहे.

आता 'काका'. आपली ओळख नाही, आपण नाव लिहिलेलं नाही, आणि पहिलाच शब्द काका? आमच्या नागपुरात पानठेल्यावरचा पोरगाही अनोळखी माणसाला 'भाऊ' म्हणतो. काका म्हणून जवळीक दाखवायची आणि चार ओळींनी वय काढायचं, ही कोणती रीत? समोर बसून बोलला असता तर तर्री-पोह्याची प्लेट पुढे केली असती अन् ऐकून घेतलं असतं. पण सहीशिवायच्या चिठ्ठीला कोणती प्लेट देऊ?

'तुमच्या वयात बदल पचत नाही.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग उठून कूलरमध्ये पाणी भरून आलो, अन् चौथ्यांदा वाचलं.

साहेब, मी १९८८ साली मराठी टायपिंग शिकलो. लोखंडी मशीन, रेमिंग्टनच्या धर्तीचा कीबोर्ड. त्यावर अर्धं अक्षर मारायचं अन् पुढे काना मारून ते पूर्ण करायचं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा त्याच मशीनवर पास झालो. पुढे नागपूरच्या महाल भागात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवण्याचं, दुकान टाकलं. कॉम्प्युटर आला, प्रत्येक फाँट कंपनीचा आपला वेगळा कारभार. एका फाँटात टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कचरा. तेही शिकलो. मग युनिकोड आलं, म्हणजे सगळ्या फाँटांना अक्षरं साठवायची एकच पद्धत. विंडोज एक्सपीवर मराठी नीट जुळून दिसावी म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये शिरून 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकटीत खूण करावी लागे, अन् ते मशीन विंडोजची सीडी मागे. ती सीडी शेजारच्या सायबर कॅफेवाल्याकडून उसनी आणायची! अशी अर्ध्या गल्लीची मशीनं मी मराठी केली आहेत.

आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची सरकारी कीबोर्ड-मांडणी. तिथे वेलांटी अक्षराच्या नंतर मारायची, कारण युनिकोड उच्चाराच्या क्रमानं साठवतं, दिसण्याच्या नाही. वीस वर्षं जे बोट आधी जायचं ते नंतर न्यायचं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, दुकान चालू ठेवून, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. दोन महिने माझ्या हातून 'किती' नीट उमटला नाही. आपण कधी दोन्ही हातांची सवय अशी उलटवून पाहिली आहे का? एकदा पाहा. मग बदलाबद्दल बोलू.

ब्राउझरचंही तेच. नेटस्केप वापरला, एक्सप्लोरर ६ वापरला, अन् २००४ साली फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा एका खिडकीत अनेक टॅब उघडतात हे पाहून पोरासारखा खुश झालो होतो. क्रोम २००८ साली आलं, तेही पहिल्या वर्षीच टाकून पाहिलं. (यातल्या कोणत्या ब्राउझरनं मला छळलं हे विचारू नका. मूळ लेखातही नाव घेतलं नव्हतं, इथेही घेणार नाही.)

माझी तक्रार बदलाची नव्हतीच. लेख पूर्ण वाचला असता तर कळलं असतं. मे महिन्याची दुपार, बाहेर पंचेचाळीस डिग्री, संध्याकाळी लग्नाची पत्रिका छापायला जायची, अन् मजकूर ब्राउझरमध्ये उघडून गिऱ्हाईकाला दाखवत असताना ब्राउझर स्वतःहून बंद होऊन नवा होऊन आला. मी ज्या बटणावर बोट ठेवलं ते 'नंतर' असं होतं, हे शपथेवर सांगतो. पडदा अधूनमधून पांढरा पडू लागला. त्याचं कारण जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, हे मीच शोधलं अन् सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून ते मीच निस्तरलं. बदल न पचणाऱ्या माणसानं. अंगठ्याला पाठ असलेली ॲड-ऑन (ब्राउझरला वरून जोडलेली सोय) 'सुसंगत नाही' म्हणून करडी पडली, तिच्यावर मी लेखात एकच ओळ लिहिली होती.

पण 'वऱ्हाडी मंडळी'चं 'वर्हाडी' झालं, ते कसं पचवू? हा अर्धा 'र' वेगळा. रफार नव्हे, आडवा, पापणीसारखा. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहितात: एक, खाली बिंदू असलेला 'ऱ' घेऊन त्याला पाय मोडायचा, दुसरी, साध्या 'र'ला पाय मोडून पुढे एक न दिसणारी जोडखूण टाकायची. माझा सगळा जुना मजकूर दुसऱ्या पद्धतीचा. नव्या आवृत्तीत मजकूर चिकटवला की ती अदृश्य खूण गळून पडत होती, अन् पापणीचा 'र' उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसत होता. साडेचारशे पत्रिका होत्या. मुलीच्या बापानं प्रूफवर बोट ठेवून विचारलं, "हे काहून असं?" (नागपूर वऱ्हाडात येत नाही हे मला ठाऊक आहे; लग्नातलं वऱ्हाड सगळीकडेच येतं. यावर वेगळी प्रतिक्रिया नको.)

तेव्हा मी काय सांगू त्याला, की माझ्या वयाला बदल पचत नाही?

माफ करा, सूर चढला. पण आपणही सुरुवात अशीच केलीत.

बाकीचे मुद्दे. फुकट म्हणाल, तर अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं की गूगलनं २०२१ या एका वर्षात आपलं सर्च इंजिन ब्राउझरांत अन् फोनांत आधीपासून बसवून मिळावं म्हणून २६०० कोटी डॉलरच्या वर मोजले. तेव्हा कोण कुणाला काय फुकट देऊन राहिलं, ते राहू द्या. बॅकअप घ्यायला हवा होता. सगळ्यांनीच सगळ्याचा घ्यायला हवा असतो. सुरक्षेचा मुद्दा मोठा आहे, त्यावर सवडीनं लिहीन. तूर्त एवढंच, की तो सल्ला मी देऊन चुकलो असलो तरी पाळू शकलो नाही. जुनी आवृत्ती टाकली, तर 'तुमचं प्रोफाइल नव्या आवृत्तीत वापरलेलं आहे, इथे उघडणार नाही' असं म्हणून ती रिकामी उघडली. ना बुकमार्क, ना पासवर्ड. मुकाट्यानं नवीवर परत आलो. हे उत्तरही तिच्यातूनच लिहितो आहे.

आणि शेवटी एक शंका. आपल्या प्रतिक्रियेत मला 'दुसर्या' असा शब्द दिसतो आहे, रफार 'या'च्या डोक्यावर. तो आपण तसा लिहिला, की माझ्याकडे येता येता त्याची जोडखूण गळली, हे मला आज खात्रीनं सांगता येत नाही. आपल्या स्क्रीनवर तो कसा दिसतो, तेवढं कळवा. या वेळी नाव लिहून.