ग्राहकाला उत्तर कोण देणार?

गेली अनेक वर्षे मी वेगवेगळ्या व्यवसायांची सोशल मीडियावरील पाने सांभाळण्याचे काम करीत आहे. या काळात ज्या बैठकांना बसले, त्यांतला बहुतेक वेळ पुढच्या महिन्याच्या पोस्ट कोणत्या, रील किती सेकंदांचे, रीच, म्हणजे पोस्ट पाहणाऱ्यांची संख्या, का घटली आणि बूस्टसाठी, म्हणजे पैसे देऊन पोस्ट अधिक लोकांना दाखवण्यासाठी, किती रक्कम ठेवायची, याच चर्चेत गेला. आलेल्या मेसेजना उत्तर कोण देणार हा विषय बैठकीच्या अगदी शेवटी, सगळे उठू लागल्यावर निघतो आणि 'तो नवीन मुलगा बघेल' एवढ्यावर मिटतो. ही व्यवस्था मला मुळातच चुकीची वाटते. ग्राहकाशी ऑनलाइन जे काही नाते जुळते, ते उत्तराच्या त्या चौकटीत जुळते, आणि तीच चौकट आपण सर्वांत कमी अनुभव आणि सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाच्या हाती देऊन मोकळे होतो.

एका फर्निचर विक्रेत्याचे पेज माझ्याकडे होते, तेव्हाची गोष्ट सांगते. नव्या टेबलाच्या जाहिरातीखाली एका ग्राहक बाईंनी फोटो टाकला. फोटोत त्यांचा उघडा तळहात होता, त्यावर सात स्क्रू होते आणि खाली एकच ओळ होती : 'माहितीपत्रकात आठ लिहिले आहेत.' आमच्याकडून ठरलेले उत्तर गेले : 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया ऑर्डर क्रमांक इनबॉक्समध्ये पाठवा.' बाईंनी तो क्रमांक तीन दिवसांपूर्वीच इनबॉक्समध्ये पाठवला होता आणि तिथेही त्यांना शब्दशः हेच उत्तर मिळाले होते. त्यांनी दोन्ही उत्तरांचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून त्याच कमेंटखाली टाकले. तोवर तक्रार एका स्क्रूची होती. आता ती 'तुम्ही आमचे लिहिलेले वाचतसुद्धा नाही' अशी झाली आणि पाहता पाहता इतर ग्राहकही आपापले अनुभव तिथे लिहू लागले.

कमेंट लपवून टाका, अशी पहिली सूचना कार्यालयातून आली. फेसबुकवर लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रयादीतील लोकांना दिसतच राहते, म्हणजे जे लोक त्या बाईंवर सर्वाधिक विश्वास ठेवतात, नेमके त्यांच्यापासून ती लपत नाही, हे मी समजावून सांगितले आणि थेट गोदामात फोन लावला. खोकी भरणाऱ्या गृहस्थांना कारण क्षणात उमगले. आठवा, लांब स्क्रू वेगळ्या छोट्या पाकिटात येतो आणि ते पाकीट खोक्याच्या तळाच्या घडीखाली सरकते. मग मी कमेंटखालीच लिहिले की आपला मेसेज तीन दिवस वाचला गेला नाही ही चूक आमची आहे, स्क्रू आज निघाला आहे, आणि खोके अजून घरात असेल तर तळाची घडी उघडून पाहावी. स्क्रू तिथेच सापडला. पुढच्या खेपेपासून ते पाकीट टेबलाच्या पायाला चिकटवून पाठवायला सुरुवात झाली. काही आठवड्यांनी जुन्या खेपेतले टेबल घेतलेल्या दुसऱ्या एका ग्राहकाने हाच प्रश्न विचारला, तेव्हा आमच्या आधी त्या बाईंनीच त्यांना उत्तर दिले होते.

या प्रसंगातून मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की तक्रार गोदामापर्यंत पोहोचली. ग्राहक जे लिहितो ती व्यवसायासाठी फुकट मिळालेली आणि अत्यंत नेमकी माहिती असते. परंतु मार्केटिंगच्या खात्यात ती 'निगेटिव्ह कमेंट' या सदरात मोजली जाते आणि तिथेच थांबते.

पोस्टवर आणि आकड्यांवर एवढा भर का पडला, याचेही कारण आहे. फेसबुकने व्यवसायांसाठी पेजची सोय नोव्हेंबर २००७ मध्ये आणली, २००९ मध्ये लाइकचे बटण आले आणि पेजला किती लाइक आहेत हीच प्रतिष्ठेची खूण झाली. पेज लाइक करणारा माणूस आपला झाला, आपले म्हणणे त्याला दिसत राहणार, असे सगळ्यांनी गृहीत धरले. पुढे २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने फीडमधील, म्हणजे ॲप उघडल्यावर दिसणाऱ्या पोस्टच्या यादीतील, काळाचा क्रम मोडून पोस्ट आपल्या निवडीने दाखवायला सुरुवात केली आणि जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केले की फेसबुकवर मित्र आणि कुटुंबीय यांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल, व्यवसायांचा मजकूर कमी दिसेल. वर्षानुवर्षे पैसे खर्चून जमवलेल्या लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी पुन्हा पैसे मोजण्याची वेळ अनेकांवर आली. ऑर्कुट हे एके काळचे लोकप्रिय सोशल नेटवर्क २०१४ मध्ये बंद झाले, सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस हे दुसरे नेटवर्क २०१९ मध्ये बंद झाले, आणि तिथली फॉलोअर्सची संख्या त्यांच्याबरोबरच गेली. जागा आपल्या मालकीची नाही आणि नियम आपल्या हातात नाहीत, हे लक्षात घेतले तर फॉलोअर्स वाढवण्यावर एवढा जीव टाकणे मला पटत नाही. फॉलोअर्स आणि परीक्षणे विकत घेण्याबद्दल तर बोलूच नये; ती ग्राहकाची उघड फसवणूक आहे आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये नियम करून तिच्यावर बंदीही आणली आहे.

याउलट व्हॉट्सॲपने मोठ्या व्यवसायांसाठी घातलेला एक नियम मला मनापासून आवडतो. ग्राहकाचा शेवटचा मेसेज आल्यापासून २४ तास व्यवसायाला त्याच्याशी मोकळेपणाने बोलता येते. ती मुदत संपली की फक्त आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातलाच मेसेज पाठवता येतो. अनेक व्यावसायिक या नियमावर चिडतात. मला मात्र तो योग्य वाटतो, कारण बोलणे कोणी सुरू करायचे याचा हक्क त्यामुळे बव्हंशी ग्राहकाकडे राहतो.

वेगाबद्दलही थोडे लिहायला हवे. मागील सात दिवसांत ९० टक्के मेसेजना प्रतिसाद आणि उत्तराला सरासरी १५ मिनिटांहून कमी वेळ, असे जमले की फेसबुक पेजला तत्पर प्रतिसादाचे चिन्ह देत असे, आणि ते टिकवण्यासाठी मी स्वतः लोकांना रात्री जागताना पाहिले आहे. तत्परता हवीच, पण त्या स्क्रूच्या प्रकरणात आमची दोन्ही उत्तरे अगदी वेळेत गेली होती. ग्राहकाने आधी काय लिहिले आहे ते वर सरकवून वाचायला एखादे मिनिट जाते, तेवढे जाऊ द्यावे. खरे कारण अजून कळले नसेल तर 'उद्या दुपारी कळवतो' असे लिहावे आणि उद्या दुपारी, काहीही हाती लागले नसले तरी, कळवावे. उत्तराखाली माणसाचे नाव असावे. बोलणे इनबॉक्समध्ये नेले असेल तर प्रश्न सुटल्यावर मूळ कमेंटखाली परत येऊन तसे नोंदवावे; कारण नंतर तिथे येणाऱ्या शेकडो लोकांना अर्धवट राहिलेली तक्रार तेवढी दिसते आणि पुढचे सगळे ते मनाने भरून काढतात. ऑर्डर कुठवर आली एवढे सांगायला चॅटबॉट पुरेसा आहे, पण त्याच्याशी बोलताना माणसापर्यंत जाण्याचा मार्ग पहिल्याच मेसेजमध्ये दिसला पाहिजे.

हे सगळे करायचे तर उत्तर देणाऱ्याच्या हाती काही अधिकार लागतात. म्हणून नवे काम स्वीकारण्याआधी मी मागच्या महिन्याचा इनबॉक्स वाचायला मागते, आणि मग दोन अटी घालते. एका ठरावीक रकमेपर्यंत वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा निर्णय उत्तर देणाऱ्याला कोणालाही न विचारता घेता यावा, आणि गोदामातल्या माणसाचा थेट नंबर त्याच्याकडे असावा. पहिली अट बहुतेक जण थोड्या घासाघिशीनंतर मान्य करतात. दुसरीला आश्चर्यकारक विरोध होतो. मार्केटिंगच्या माणसाने गोदामात कशाला फोन करायचा, असा प्रश्न येतो. त्यावर मी तो सात स्क्रूंचा फोटो दाखवते. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.